अकरा मिनिटं

९ जून

दादा,

आणि वहिनी, कारण हे पाकीट फोडणार तूच. वाचताना मधेच थांबून त्याच्याकडे बघू नकोस, सरळ वाचत जा. कोणी टक लावून बघितलेलं त्याला आवडत नाही.

दादा, फोन तू उचलत नाहीस. बोलून पाठवलेले निरोप न ऐकताच पुसतोस. घर बदललंत तेही मला तुझ्या गाडीवरच्या मास्तरांकडून कळलं, आणि नवा पत्ता सांगायचा नाही अशी तू त्यांना शपथ घातली आहेस म्हणे. म्हणून हे पत्र तुमच्या गोदामाच्या पत्त्यावर टाकतेय. मुकादम ते तुझ्या हातात देईल आणि तू ते फेकणार नाहीस, एवढी माझी खात्री आहे. लिहिलेला कागद तू आयुष्यात कधी फेकला नाहीस. औषधाच्या खोक्यातल्या सूचना, दुकानांच्या जाहिराती, माझ्या शाळेच्या जुन्या नोटिसा, सगळं तुझ्या पत्र्याच्या डब्यात. मी 'दादाचं सरकारी दप्तर' म्हणून चेष्टा करायचे. कुठल्या कागदावर काय महत्त्वाचं असेल हे कळायला मार्ग नाही, म्हणून तू सगळेच ठेवत होतास.

वहिनी, माझं काम मी तुला कधी नीट सांगितलं नाही. रस्ता दाखवणाऱ्या ॲपमध्ये वर एक लांबट चौकट असते, 'कुठे जायचंय?' असं विचारणारी. मी त्या चौकटीची नोकर. रस्ता कुठला, वळण कुठे, ते दुसरे बघतात. माणसाने त्या चौकटीत पत्ता कसा टाकावा, कमीत कमी त्रासात, एवढंच माझं आणि आणखी पाच जणांचं काम. दर आठवड्याला आम्ही बाहेरची माणसं बोलावतो, त्यांच्या हातात फोन आणि पत्त्याची चिठ्ठी देतो, आणि ती कुठे अडतात ते बघतो. शेजारी मी बसते, काचेपलीकडे बाकीचे. नियम असा की मदत करायची नाही. माणूस अडला तर अडू द्यायचा, त्यासाठीच त्याला बोलावलेलं असतं.

डिसेंबरातल्या त्या दिवशी बोलावलेला माणूस आलाच नाही. आणि दादा, नेमका तू माझ्या ऑफिससाठी आणलेलं पुस्तकांचं कपाट पाठीवर घेऊन तीन जिने चढून आलास, 'कुठे ठेवू?' विचारत. मी म्हटलं, दहा मिनिटं बसतोस का? तू म्हणालास, 'चष्मा नाही आणला गं.' मी म्हटलं, 'अक्षरं मोठी आहेत रे, बस.'

मग तू अकरा मिनिटं त्या चौकटीकडे बघत बसलास. एक अक्षर दाबायचास, पुसायचास. चिठ्ठी जवळ धरायचास, लांब धरायचास. फोनची काच घामाने ओली झाली, ती शर्टाला पुसून पुन्हा सुरुवात केलीस. मी शेजारी मूग गिळून बसले होते. शेवटी तू फोन टेबलावर पालथा घातलास, कपाट कुठे ठेवायचं ते शिपायाला विचारलंस, नीट भिंतीला टेकवून ठेवलंस आणि गेलास.

तुला वाचता येत नाही हे मला माहीत नव्हतं, दादा. देवाशपथ. माहीत असतं तर त्या खुर्चीत मी तुला बसवलंच नसतं. आणि नियम काही मी केलेला नाही. नोकरी म्हटली की पाळावा लागतो. तू इतकं मनाला लावून घेशील असं वाटलं नव्हतं.

उत्तर पाठव. वहिनी, तू तरी पाठव.

बारकी


२ जुलै

दादा, वहिनी,

वहिनी, तुझं कार्ड मिळालं. त्यावर तुमचा पत्ता नाही, हे बघायला मी ते दोनदा उलटून पाहिलं. चारच ओळी: 'पत्र वाचून दाखवलं. हे खाली बसून गाडीचे दोर गुंडाळत होते. काही बोलले नाहीत. एका ठिकाणी फक्त म्हणाले, खोटं आहे.'

ठिकाण कुठलं ते तू लिहिलं नाहीस. लिहायची गरज नव्हती.

मला माहीत होतं.

मी सहा वर्षांची, तू पंधराचा, शाळा सोडून सामान हलवणाऱ्या गाडीवर लागलेला. सकाळी मला शाळेत सोडायचं काम तुझं. शाळा सरळ रस्त्याने दहा मिनिटांवर होती आणि आपल्याला पाऊण तास लागायचा, कारण तू रोज वेगळ्या रस्त्याने न्यायचास. प्रत्येक पाटीपाशी थांबून म्हणायचास, 'वाच बघू.' मी ओरडून वाचायचे. दुकानं, दवाखाने, गल्ल्यांची नावं, 'इथे गाडी लावू नये'. मला वाटायचं, दादा माझा अभ्यास घेतो. सगळ्या वर्गात माझं वाचन पहिलं होतं. बाई विचारायच्या, घरी कोण घेतं वाचून? मी छाती काढून सांगायचे, आमचा दादा.

माझ्या तोंडून ऐकून तू अख्खं शहर पाठ केलंस.

बारा वर्षांची होते तेव्हा मोठ्या शाळेच्या खिडकीवर कारकुनाने तुझ्यापुढे अर्ज सरकवला. तू खिसे चाचपलेस. 'चष्मा घरी राहिला, बारके, तूच भर.' आपल्या घरात तेव्हा कोणालाही चष्मा नव्हता. दुसऱ्या आठवड्यात तू खरोखरच एक चष्मा आणलास. तू आंघोळीला गेलास तेव्हा मी तो घालून बघितला. सगळं जसंच्या तसं दिसलं. काचांना नंबरच नव्हता.

मला त्याच दिवशी कळलं, आणि मला कळलेलं नाही असं मी त्याच दिवशी ठरवून टाकलं. आधी तुझी लाज राखायला. मग सवय झाली, आणि पुढे पुढे त्यात माझीच सोय होती. ऑफिसातल्या लोकांचे भाऊ डॉक्टर, वकील. माझा भाऊ 'वाहतुकीच्या धंद्यात'.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. वहिनी, हे त्याने तुला सांगितलं नसणार.

चाचणी सुरू करताना आम्ही एक कागद वाचून दाखवतो. मी तो वाचला. 'नमस्कार, तुम्ही वेळ काढून आलात याबद्दल आभार. आज आम्ही तुमची परीक्षा घेत नाही, ॲपची घेतोय.' मी तुला 'तुम्ही' म्हटल्यावर तू हसलास. तुला वाटलं, बारकी नाटकं करतेय. मग तुझं लक्ष काचेकडे गेलं, माझ्या तोंडाकडे गेलं, आणि तुझ्या ओठांवर आलेलं 'बारके' तू गिळलंस. ते मला दिसलं. त्यानंतर तू तीनदा अडलास आणि तीनदा मला विचारलंस, 'बाई, हे कसं करायचं?'

बाई म्हणालास तू मला. माझी अब्रू सांभाळायला.

आणि मी तिन्ही वेळा कागदावरचं वाक्य वाचलं: 'तुम्ही एकटे असता तर काय केलं असतं?'

नात्यातलं माणूस चाचणीला चालत नाही, असाही आमच्याकडे नियम आहे. खुर्ची रिकामी राहू नये म्हणून तो मी मोडला, आणि मोडलेला कळू नये म्हणून तुला परका केला. एक नियम सोयीने मोडला आणि दुसरा तुझ्यावर पाळला. गेल्या पत्रात मी 'नोकरी म्हटली की' वगैरे लिहिलं आहे. ती ओळ वाचली नाही असं समज.

तुझी बारकी


३० जुलै

दादा,

या वेळी वहिनीचंही कार्ड नाही. तरी लिहितेय. अर्धं सांगून थांबले तर तू पुन्हा 'खोटं आहे' म्हणशील, आणि बरोबरच म्हणशील.

त्या खोलीत कॅमेरा होता. सुरुवातीला मी तुझ्यापुढे एक कागद सरकवला होता, 'वाचून सही करा.' तुझी सही झोकदार आहे, तेवढी एक तू घोटून घेतली आहेस. 'वाचलंत ना?' मी विचारलं. 'हो' म्हणालास. त्यावर लिहिलं होतं की ही चित्रफीत ऑफिसातल्या लोकांना दाखवायला माझी हरकत नाही.

ती दाखवली, दादा. मोठ्या बैठकीत, मोठ्या पडद्यावर. मीच दाखवली. आधी लोक हसले, तू फोन शर्टाला पुसलास तिथे. मग सातव्या मिनिटाला तू चिठ्ठी खाली ठेवून म्हणालास, 'बाई, कोणतं घर आहे एवढं सांगा. मी नेऊन सोडतो.' तिथे सगळे गप्प झाले.

कारण तुला घरं माहीतच असतात. पत्त्याने नाही, जिन्याने. दुसऱ्या मजल्यावर जिथे कपाट अडलं होतं ते घर. ज्या दारातून पलंग तिरका करूनच जातो ते घर. पंचवीस वर्षांत वाहिलेल्या सामानाबरोबर तू अख्खं गाव डोक्यात ठेवलं आहेस, आणि आमची चौकट तुला विचारत होती, पहिलं अक्षर कुठलं?

तुझ्या त्या एका वाक्यावर आम्ही सगळी चौकट नव्याने बांधली. आता चिठ्ठी फोनसमोर धरली की फोन ती वाचतो आणि मोठ्याने विचारतो, हेच का? आधी गेलेल्या घराच्या दाराचा फोटो दिसतो, त्यावर बोट ठेवलं की झालं. टंकायला काही लागतच नाही. गाडीवाल्यांनी डोक्यावर घेतलंय ते. आमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत वाक्य लावलं आहे, 'कोणतं घर आहे एवढं सांगा.' आणि प्रत्येक नव्या कल्पनेला लोक विचारतात, 'अकरा मिनिटांना जमेल का हे?' अकरा मिनिटं म्हणजे तू. ते तुझं नाव पडलं आहे.

मला खिडकीजवळची खोली मिळाली. त्या बैठकीत मोठ्या बाईंनी विचारलं होतं, 'कोण हो हे गृहस्थ? कुठे सापडले तुम्हाला?'

मी म्हटलं, 'सामान पोचवायला आले होते. ओळखीचे नाहीत.'

माझ्या मागच्या भिंतीला तू टेकवून ठेवलेलं कपाट होतं. तुझ्या हातचं, चारही पाय बरोबर जमिनीला टेकलेलं.

गरज सरो, वैद्य मरो. आई ही म्हण शेजाऱ्यांना लावायची. घरातच कोणाला लावावी लागेल असं तिला वाटलं नसणार.

बारकी


२१ ऑगस्ट

दादा, वहिनी,

कार्ड आलं. वहिनी, तू लिहितेस, मास्तरांचे गुडघे गेले आणि ते घरी बसले. इतकी वर्षं गाडीत चिठ्ठ्या ते वाचायचे आणि दादा चालवायचा. म्हणून तर ते मास्तर, नाहीतर शाळेची पायरी तेही चौथीच्या पुढे चढले नाहीत. आता दादा एकटाच जातो, आणि गोदामाने दिलेला फोन वापरतो. 'चिठ्ठी त्याच्यापुढे धरतात, तो वाचून सांगतो. हे तुझं काम आहे असं मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना माहीत आहे.'

हे वाचून आधी मला बरं वाटलं आणि मग स्वतःचा राग आला. तुला कोणीतरी वाचून दाखवावं म्हणून मला एवढं मोठं यंत्र उभं करावं लागलं. शेजारच्या खुर्चीतून नुसतं तोंड उघडलं असतं तरी झालं असतं.

एक कबुली. त्या फोनमुळे तू आता आमच्या यादीत आहेस. माणूस रोज संध्याकाळी जिथे परततो तिथे ॲप आपोआप 'घर' असा ठिपका ठेवतं. तुझं नवं घर शोधायला मला तीन टिचक्या लागल्या असत्या. दोन मारल्या. तिसरीला बोट वर धरून बसले. मग यंत्र बंद केलं आणि जिन्यात जाऊन उभी राहिले. चोरून बघितलेल्या पत्त्यावर येऊन दार वाजवलं असतं तर तू उघडलं असतंस, कारण दारात आलेल्याला परत पाठवणारा तू नाहीस. पण ते पुन्हा तुझ्या न वाचलेल्या सहीसारखंच झालं असतं.

परवाच्या बैठकीत कोणीतरी पुन्हा म्हणालं, 'अकरा मिनिटांना हे जमणार नाही.' मी उठले आणि म्हटलं, 'अकरा मिनिटं माझा भाऊ आहे. सख्खा, थोरला. मला वाचायला त्याने शिकवलं.' मग सगळंच सांगितलं, काही न गाळता. मोठ्या बाई म्हणाल्या, 'नियम मोडल्याचं लेखी द्या.' दिलं. चित्रफीत पुसून टाकायला लावली, पुसताना स्वतः उभी राहिले. खिडकीची खोली गेली. चांगलं झालं, ऊन फार यायचं. आता मी चौकटीची नोकर नाही, चुकीच्या दारात पोचलेल्या लोकांच्या तक्रारी वाचते.

एक गोष्ट माझ्या हातात नाही. भिंतीवरचं वाक्य मी काढायला निघाले, तर लोक म्हणाले, वाक्य चांगलं आहे, राहू दे. ते तुझं आहे. ठेवायचं की फाडायचं ते तू सांग.

आणि मास्तरांना मी विचारणार नाही, वहिनीलाही नाही, यंत्राला तर नाहीच. दादा, कोणतं घर आहे एवढं सांग. मी येते.

तुझी बारकी


१५ सप्टेंबर

दादा,

काल तुझ्यासमोर बसून दोन कप चहा प्यायले आणि जे बोलायचं ते तसंच घेऊन परत आले. उचलली जीभ लावली टाळ्याला असं आयुष्यभर वागले, आणि काल जीभ उचलेना. म्हणून हे आणखी एक पत्र.

तुझा नकाशा गेल्या आठवड्यात आला. पाकिटावर पत्ता वहिनीच्या हातचा, आत गोदामाच्या चिठ्ठीमागे सुताराच्या पेन्सिलीने काढलेलं चित्र. एक अक्षर नाही. चार पायांची पाण्याची टाकी, पंक्चरवाल्याचं चाक, तिठा, एक वाकडं झाड, आणि दुसऱ्या वळणावर कपाट अडकलेला जिना. कोपऱ्यात १४ आणि चार वाजलेलं घड्याळ.

फोन बंद करून पिशवीच्या तळाशी ठेवला. बस थांब्यापासून चालत निघाले. टाकी सापडली. चाक सापडलं. तिठ्यावर आले आणि सगळं फिसकटलं. झाड पाहिजे त्या बाजूला नाही, उजवीकडे भिंतच. पुढे गेले, मागे आले, स्वतःभोवती एक चक्कर मारली. एवढी शिकलेली, नकाशाच्या कंपनीतली बाई, दिवसाढवळ्या तिठ्यावर भोवऱ्यासारखी फिरतेय. एक आजोबा सायकल थांबवून बघायला लागले.

तेवढ्यात वरून तुझी हाक आली. 'बारके! अगं कागद उलटा धर! मी घरातून निघताना काढलाय तो!'

तू घरातून बाहेर पडताना रस्ता जसा दिसतो तसा काढला होतास, आणि मी बाहेरून आत येताना वाचत होते. आमच्याकडे सगळे नकाशे जाणाऱ्याच्या बाजूने असतात. सांगणारा कुठे उभा आहे हे विचारायचं असतं, हे मला कोणी शिकवलं नाही. मान वर केली तर तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत तू, बनियनवर, अर्धा बाहेर वाकलेला, दोन्ही हातांनी 'डावीकडे, डावीकडे' करत.

घरात तू त्या दिवसाबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. माफ केलं असंही म्हणाला नाहीस आणि मीही विचारलं नाही. केस पिकलेत तुझे. वाक्याचं विचारलं तेव्हा बशी पुसत म्हणालास, 'राहू दे. पण खाली लिही कोण म्हणालं ते.' आज सकाळी लिहिलं. 'माझा दादा' एवढंच लिहिलं, मोठ्या अक्षरांत.

मला थांब्यावर सोडायला गाडी काढलीस. वाटेत एका दुकानाला नवी पाटी लागली होती. तू गाडी जरा हळू केलीस. मी वाट बघत होते की आता म्हणशील, 'वाच बघू.' नाही म्हणालास. मीच वाचली, न विचारता. मग पुढची वाचली, मग त्याच्या पुढची. थांब्यापर्यंत सगळ्या वाचल्या. तू समोर बघत 'हं' म्हणत होतास.

घरी पोचले आणि वहिनीचा फोन आला. वहिनी, मला माहीत आहे, हे त्याला वाचून दाखवताना तू अडखळशील. तरी वाच. तू म्हणालीस, तो चार वाजल्यापासून गॅलरीत घड्याळ हातात घेऊन उभा होता. तुला दम भरला होता, 'ती चुकली तर कोणी तोंड उघडायचं नाही. अकरा मिनिटं. कळू दे तिला.' तू विचारलंस, आणि ती रडायला लागली तर? तो म्हणाला, 'तरी नाही.'

आणि मग, तू म्हणालीस, मी तिठ्यावर पहिली चक्कर मारली आणि त्याने घड्याळ कठड्यावर ठेवून दिलं.

मी विचारलं, किती झाली होती?

दीड मिनिट, दादा. नऊ महिने राग धरून, घड्याळ लावून, पण करून उभा राहिलास, आणि मी तिठ्यावर अडलेली तुला दीड मिनिटाच्या वर बघवली नाही. मी तर तुझ्या शेजारीच बसले होते. हात पुढे केला असता तर लागला असता. मी अकरा मिनिटं कशी बसले रे?

बारकी